ब्रेक किंचाळतोय? रबर बदलायच्या आधी एवढं करून बघा

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटातून सकाळी खाली उतरताना माझ्या सायकलचा पुढचा ब्रेक असा ओरडायचा, की खालून चालत वर येणारी मंडळी मी दिसायच्या आधीच कडेला सरकायची. घंटीचे पैसे वाचले म्हणून वर्षभर मी ते हसण्यावारी नेलं. मग एका सकाळी वळणावर एका आजोबांनी काठी आडवी धरून मला थांबवलंच. "अहो, जरा तेल घाला की त्याला. म्हशीच्या शेपटीवर पाय पडल्यागत ओरडतंय."

तेल मी घातलं नाही. तेवढी अक्कल होती. पण त्याच्या खालोखालचा मूर्खपणा केला, म्हणजे नवी रबरं टाकली. तिसऱ्या उतरणीला आवाज परत आला. आणखी महाग रबरं टाकली, आवाज तरीही परत. शेवटी ज्या मिस्त्रीकाकांकडे गेलो त्यांनी रबराकडे पाहिलंसुद्धा नाही. ब्रेकचे दोन्ही हात चिमटीत धरून पुढं-मागं हलवले आणि मलाही हलवून बघायला लावले. खुळखुळा होता नुसता. "दादा, रबर न्हाय ओरडत. हालतंय ते ओरडतंय," एवढंच म्हणाले आणि दहाच्या पान्याने दोन नट आवळले.

पुढं जे लिहिलंय ते त्या एका वाक्याभोवतीच फिरतं. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकसाठी आहे हे सगळं, म्हणजे साधा कॅलिपर (दोन्ही हात मधल्या एकाच बोल्टवर) आणि व्ही-ब्रेक (दोन्ही हात वेगवेगळ्या खुंट्यांवर). डिस्क-ब्रेकवाल्यांनी इथंच उतरून घ्यावं. कार्बनच्या रिमवाल्यांनीही, कारण त्यांची रबरं आणि त्यांचे नियम वेगळे.

आवाज येतो कुठून

शाळेतला फळा आठवा. खडू एका विशिष्ट कोनात धरला की अंगावर काटा आणणारी किंचाळी निघायची. मास्तर खडू जरा तिरका करायचे किंवा मोडून अर्धा घ्यायचे, की आवाज बंद. फळा तोच आणि खडूही तोच असायचा, बदलायचा फक्त धरायचा कोन, नाहीतर लांबी.

ब्रेकचंही तसंच आहे. रबर रिमला टेकतं, रिम त्याला आपल्याबरोबर पुढं ओढत नेते, ब्रेकचा हात थोडा वाकतो, मग स्प्रिंगसारखा मागं झटकतो. पुन्हा पकड, पुन्हा झटका. असं सेकंदाला शेकडो वेळा झालं की तो थरथराट कानाला शिट्टीसारखा लागतो, आणि पातळ पत्र्याची पोकळ रिम घंटेसारखी तो आवाज मोठा करते. म्हणजे किंचाळीला दोन गोष्टी लागतात. एक, पकड-सुट असं घर्षण, आणि दोन, थरथरायला मोकळीक. घर्षण तर आपल्याला हवंच आहे, त्यावरच सायकल थांबते. म्हणून मोकळीक काढायची आणि घर्षण एकसारखं करायचं. तेल घालणारा घर्षणच काढून टाकतो. आवाज जातो, ब्रेकही जातो, आणि पुढचं वळण कुठलं हे आपल्या हातात राहत नाही.

आधी नीट ऐका

पाना हातात घ्यायच्या आधी एक चक्कर मारून आवाज कसला आहे ते ठरवा. लांब, उंच किंचाळी असेल तर कोन, ढिलेपणा किंवा मळ. खरखर, जणू पॉलिश पेपर घासतोय अशी, असेल तर रबरात खडा किंवा धातूची कणी रुतलीय, आणि ही लगेच काढायला हवी, कारण ती रिम खाते. चाकाच्या दर फेरीला एकदाच 'टक' किंवा 'चुक' होत असेल तर रिमचा सांधा, पोचा किंवा आउट, म्हणजे चाक सरळ न फिरता डुलणं. ब्रेक लावताक्षणी एकदाच 'खट' होऊन मग शांतता असेल तर बहुधा हँडलखालची बॉल रेस ढिली. आणि ब्रेक न दाबताच सळसळ येत असेल तर एका बाजूचं रबर रिमला घासतंय एवढंच.

पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून बघा. माझं कितीतरी दिवस असं मत होतं की मागचा ओरडतो. डोंगराच्या कडेने येणारा प्रतिध्वनी फसवतो.

सामान फारसं लागत नाही. ५ मिमीची एलन की (कॅलिपर असेल तर ४ चीही), १० नंबरचा पाना, ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर, सेफ्टी पिन, भांडी घासायचा साबण, जुना टूथब्रश, मेडिकलमध्ये मिळणारं स्पिरिट (आयसोप्रोपिल अल्कोहोल), पांढरं सुती फडकं आणि मुदत संपलेलं एक एटीएम कार्ड. ते कार्ड कशाला ते पुढं कळेल.

पहिली पायरी: हलवून बघा

बहुतेक ठिकाणी सफाईपासून सुरुवात करायला सांगतात. मी हलवण्यापासून करतो. दोन मिनिटं लागतात, हात काळे होत नाहीत, आणि निम्म्या वेळा दुखणं इथंच सापडतं.

कॅलिपर असेल तर दोन्ही रबरांना धरून ब्रेक पुढं-मागं, म्हणजे सायकलच्या लांबीच्या दिशेने हलवा. मधल्या बोल्टपाशी खेळ जाणवला तर समोरून दोन नट दिसतील, एकामागे एक. आतला नट हात जाम होईपर्यंत आवळा, मग केसभर मागं फिरवा, इतकाच की ब्रेक सोडल्यावर हात आपणहून उघडतील. आता आतला नट पान्याने जागच्या जागी धरून बाहेरचा त्याच्यावर आवळा. धरायचं विसरलात तर दोन्ही बरोबर फिरतात आणि सगळं पुन्हा जाम होतं. माझं पहिल्या खेपेला तेच झालं. चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या, मागून ब्रेक धरून ठेवणारा मुख्य नटही तपासा. तो ढिला असेल तर आवाज ही लहान गोष्ट आहे, ब्रेक निखळून चाकात जाऊ शकतो.

व्ही-ब्रेकचे हात चिमट्यावरच्या खुंट्यांवर फिरतात. ५ ची एलन की लावून तो बोल्ट घट्ट आहे का बघा. पण जिवाच्या आकांताने आवळू नका. जास्त दाबला तर खुंटी फुगते आणि हात अडकून बसतो. बोल्ट घट्ट असूनही हात डगडग हलत असेल तर आतली बुश झिजलीय. स्वस्त ब्रेकमध्ये हे फार होतं. खुंटीला चिमूटभर ग्रीस लावून चार दिवस काढता येतात, पण खरा इलाज नवा ब्रेक-सेटच.

मग बॉल रेस. पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताची बोटं हँडलखालच्या खालच्या वाटीवर ठेवा आणि सायकल पुढं-मागं रेटा. बोटांना टकटक लागली तर रेस ढिली. चाक टायरला धरून डावं-उजवं ढकला, लटलट झालं तर एक्सलचे कोन, म्हणजे छर्रे धरणारे नट, ढिले. शेवटी तारा दोन-दोन धरून दाबत चाकाभोवती फिरा. एखादी तार गिटारच्या तुटल्या तारेसारखी मऊ लागली तर ती खूण करून ठेवा, तिच्याकडं नंतर येऊ.

दुसरी पायरी: रिम

आपल्याकडच्या पावसात रिमवर काय साचतं ते एकदा बोट फिरवून बघा. यवतेश्वर, कास ही सगळी जांभ्या दगडाची पठारं. तो लाल चिखल वाळला की मेंदीसारखा बारीक होतो आणि रबराच्या काळ्या भुकटीत मिसळून लेपासारखा बसतो. हा लेप सगळीकडं सारखा नसतो, म्हणून रबर कुठं पकडतं, कुठं सुटतं. माण-खटावकडच्या माझ्या एका मित्राला हा चिखल माहीतच नाही. त्याच्या सायकलला धुळीची खरखर, मला चिखलाची किंचाळी. जिल्हा एकच.

साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने रिमच्या दोन्ही बाजू घासा, धुवा, वाळवा. काळे पट्टे उरले तर अॅल्युमिनियमच्या रिमवर भांड्यांचा हिरवा स्क्रबर हलक्या हाताने चालतो. क्रोमच्या चकचकीत लोखंडी रिमवर नको, नुसतं फडकं पुरे. मग फडक्यावर स्पिरिट घेऊन पुसा. फडकं काळं येणं थांबेपर्यंत पुसायचं. अॅल्युमिनियमवर थोडा करडा रंग येतच राहतो, त्याच्या मागं लागू नका.

रॉकेल, डिझेल वापरू नका, मागं तेलकट पापुद्रा राहतो. चेनवर स्प्रे मारताना मागच्या रिमसमोर पुठ्ठा धरा. आणि सायकल मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरवर धुवायला देत असाल तर शेवटचा तो चमकवायचा फवारा नको म्हणून आधीच सांगा. मी सांगितलं नव्हतं. सायकल नव्यासारखी दिसत होती आणि पोवई नाक्यावर सिग्नलला थांबेना.

तिसरी पायरी: रबर

रबरं काढा. कुठलं डावं, कुठलं उजवं, कुठलं टोक पुढं, हे काढतानाच मोबाईलवर फोटो घेऊन ठेवा. काही रबरांवर बाण असतो, बहुतेकांवर नसतो.

आता गॅलरीत वर्तमानपत्र पसरून उजेडात बसा. हे काम मला सगळ्यात आवडतं. रबर तिरकं धरलं की दोन गोष्टी दिसतात. पहिली, पाटीसारखी चकाकी. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून रबर तापतं आणि त्याचा वरचा थर कडक, गुळगुळीत होतो. दुसरी, मध्येच चमकणारे ठिपके. पिनेच्या टोकाने एक ठिपका उचकटा. तांदळाच्या कणीहून बारीक, चांदीसारखी कपची बाहेर येते. ही आपल्याच रिमची. खड्याने रिम खरवडली, निघालेला धातू रबरात रुतला, आणि आता तोच धातू रिमला कानशीसारखा खातोय. गेल्या पावसाळ्यानंतर एका रबरातून मी अशा अकरा कपच्या काढल्या आणि कागदावर ओळीने मांडून घरच्यांना दाखवल्या. कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही.

कपच्या काढून झाल्या की पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवा आणि रबर त्याच्यावर लांबीच्या दिशेने घासा. पेपर हातात धरून रबरावर घासलात तर कडा गोल होतात. चकाकी जाऊन सगळीकडं एकसारखा मंद काळा रंग आला की थांबा, स्पिरिटने पुसा.

वाचवण्यासारखं रबर कुठलं? नख जोरात दाबलं की खूण उमटायला हवी. लाकडासारखं लागत असेल तर झीज कितीही कमी दिसो, ते वयाने मेलंय. झिजेची रेघ किंवा आडव्या खाचा नाहीशा होत आल्या असतील तरी बदला. आणि तेल प्यायलेलं रबर सरळ टाकून द्या, घासून ते साफ होत नाही. बदलायचंच तर थोडं मऊ घ्या. मऊ रबर लवकर झिजतं, पण ओरडतं कमी. कूल-स्टॉप कंपनीची सॅल्मन माशाच्या (नारिंगी-गुलाबी) रंगाची रबरं पावसासाठी नावाजलेली आहेत. गावात दुकानात क्वचित दिसतात, मागवावी लागतात.

चौथी पायरी: कोन, म्हणजे टो-इन

आता खडू तिरका करायचा.

आधी उंची. लिव्हर दाबल्यावर पूर्ण रबर रिमच्या सपाट पट्टीवर बसलं पाहिजे. वर टायरला लागता कामा नये. घाटात टायर फाटून ट्यूब फुटायला टायरवर घासणारं एक रबर पुरतं. खाली तारांच्या बाजूलाही लोंबता कामा नये. व्ही-ब्रेकचं रबर झिजत जातं तसं खाली खाली सरकतं, म्हणून ते नवं असताना पट्टीच्या वरच्या अंगाला, टायरच्या कडेपासून मिलिमीटरभर खाली बसवा.

मग कोन. रबराचं पुढचं टोक, म्हणजे सायकल ज्या दिशेने जाते त्या बाजूचं, रिमला आधी टेकलं पाहिजे, आणि मागचं टोक अर्धा ते एक मिलिमीटर सुटं राहिलं पाहिजे. पुढच्या ब्रेकलाही हेच आणि मागच्यालाही हेच. ब्रेक लागला की रिम रबराला पुढं ओढते, हात पिळवटतो आणि मागचं टोकही जाऊन बसतं. मग पूर्ण रबर सारखं दाबलं जातं. आधीच सपाट बसवलं असेल तर त्या पिळाने मागचं टोक जास्त दाबतं, आणि किंचाळीला सुरुवात तिथूनच होते.

एटीएम कार्ड ०.७६ मिमी जाड असतं, आपल्याला हवं तेवढंच. त्याची सेंटीमीटरभर रुंदीची पट्टी कापा. रबराचा नट इतपत ढिला करा की रबर हाताने फिरेल पण पडणार नाही. पट्टी रबराच्या मागच्या टोकाखाली, रबर आणि रिमच्या मध्ये धरा आणि लिव्हर दाबा. दुसरं माणूस नसेल तर जुन्या ट्यूबची पट्टी लिव्हर आणि हँडलभोवती गुंडाळून बांधा, तिसरा हात मिळतो. रबर आपोआप तिरकं होऊन बसतं. आता आवळायचं, पण आवळताना रबरही नटाबरोबर फिरू बघतं, म्हणून दुसऱ्या हाताने ते घट्ट धरून ठेवा. सगळ्या मापाची माती इथंच होते. आवळून झालं की पट्टी काढा आणि उजेडाकडे तोंड करून वरून बघा. हळू लिव्हर दाबताना पुढचं टोक टेकताना दिसलं पाहिजे, मागं चिंचोळी फट, आणि जोरात दाबल्यावर फट बुजली पाहिजे.

व्ही-ब्रेकच्या रबराला वाटीसारखे आणि घुमटासारखे वॉशर असतात, त्यांच्यामुळेच ते तिरकं होतं. क्रम चुकला तर कोन धरत नाही, त्यासाठीच मघाचा फोटो.

साध्या कॅलिपरच्या रबराला पुष्कळदा नुसता सरळ बोल्ट असतो, तिरकं करायची सोयच नाही. जुने मिस्त्री स्क्रू-पान्याने ब्रेकचा हातच किंचित पिळतात. हात लोखंडी असेल तर ते चालतं. अॅल्युमिनियमचा असेल तर अजिबात नको, आज पिळेल आणि उद्या घाटात मोडेल. घरी करण्यासारखा उपाय म्हणजे पॉलिश पेपरवर रबराचा मागचा अर्धा भाग थोडा जास्त घासून त्यालाच उतार देणं. थोडं रबर वाया जातं, धोका काही नाही.

तिरकेपणाचा सोस मात्र नको. दोन-तीन मिलिमीटर फट ठेवली की लिव्हर स्पंजासारखी लागते आणि रबर पुढच्या टोकालाच झिजतं.

ज्यांच्या रबराचा खोका वेगळा आणि आतली पट्टी सरकवून घालायची असते त्यांनी एक गोष्ट दोनदा तपासा. खोक्याचं बंद तोंड पुढं आणि उघडं तोंड मागं. उलट बसवलं तर पहिल्याच कचकचीत ब्रेकला पट्टी निसटून रस्त्यावर पडते.

पाचवी पायरी: रस्त्यावर

जागेवर उभं राहून लिव्हर जीव खाऊन दहा वेळा दाबा. केबल सरकली, रबर फिरलं, लिव्हर हँडलला टेकली, तर ते इथंच कळू दे. मग सपाट रस्त्यावर बेताच्या वेगातून पंधरा-वीस वेळा सायकल हळूहळू, जवळजवळ थांबेपर्यंत आणा. घासलेलं किंवा नवं रबर रिमला बसायला एवढं लागतंच, सुरुवातीच्या दोन-चार वेळा थोडं कुरकुरलं तर लगेच पाने काढू नका. त्यानंतर समर्थ मंदिराकडून राजवाड्याकडे येणारा उतार, आणि तो शांतपणे पार पडला तरच घाट.

घाटात ब्रेक सतत चिकटवून ठेवू नका. वळणाआधी जोरात, थोडा वेळ, मग मोकळा सोडायचा. रिमला वारा लागतो, रबर तापून चकाकत नाही. पावसात आधीपासून हलका स्पर्श करत राहा. रिमवरचं पाणी निपटायला चाकाच्या काही फेऱ्या जातात, आणि तोवर ब्रेक लागल्यासारखा लागत नाही. क्रोमच्या लोखंडी रिमवर तर ओल्यात फारच कमी पकड असते, तिथं अंतर दुप्पट नव्हे, त्याहून जास्त धरा. भर पावसात पहिल्या दाबाला थोडी किंचाळी निघून मग बंद होत असेल तर तिला सोडून द्या. घरी आल्यावर उरलेलं बाटलीभर पाणी दोन्ही रिमवर ओतायचं, लाल चिखल वाळायच्या आत. तेवढ्याने पुढची सफाई महिनाभर लांबते.

दांडीच्या ब्रेकची जुनी काळी सायकल असेल तर तिथं रबर रिमच्या बाजूवर नाही, आतल्या अंगाला वर ओढून दाबलं जातं, म्हणून वरचा टो-इन तिला लागू नाही. तिथं बहुतेक आवाज दांड्यांच्या खुळखुळ्याचा आणि रिमच्या गंजाचा. सांधे आवळा, गंज पुसा, दोन्ही रबरं एकाच वेळी टेकतात का बघा.

तरी आवाज उरलाच तर

दर फेरीला येणारी 'टक' असेल तर रिमच्या सांध्यावरून नख फिरवा. पायरी लागली तर ४०० नंबरचा पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून तेवढीच जागा दोन-चार हात घासा, जास्त नाही. रिमच्या बाजूवर फूटपट्टी उभी टेकवून मागून उजेड बघा. मध्ये खोलगट फट दिसत असेल तर रिम झिजून पातळ झालीय. तिच्यावर आता आवाजाचा इलाज करत बसू नका, ट्यूबच्या हवेने ती बाजूने उकलते. रिम बदलायची.

आउट आणि मऊ पडलेल्या तारा मी घरी हाताळत नाही. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा चाकाचा पापड झाला. ते मिस्त्रीचं काम. पण तिथं गेल्यावर "ब्रेक वाजतोय" असं सांगू नका, नवी रबरं पदरात पडतील. "आउट काढा, ह्या तारा ताणा आणि रबराच्या कोनाला हात लावू नका," असं सांगा, खूण केलेली तार दाखवा, आणि जमलं तर काम होईपर्यंत शेजारी उभे राहा.